तूप पिऊन कळा येत नाहीत

वहिनीला नववा लागला आणि घरात रोज गरम दुधात चमचाभर तूप सुरू झालं, का तर म्हणे 'सगळं मऊ होतं, बाळ सरकन येतं'. अहो तूप जातं जठरात, बाळ असतं पिशवीत, या दोघांना जोडणारा पाइप कुठेच नाही! फार तर पोट साफ होईल. आणि ते तुंबतं तेही प्रोजेस्टेरॉनमुळेच, हे हार्मोन आतड्याच्या स्नायूलाही सुस्त करतं.

पण प्रोजेस्टेरॉनचं खरं काम पिशवीत, तिला शांत ठेवायचं. गर्भाशयाची भिंत म्हणजे अनैच्छिक स्नायू, शाळेत शिकलोय आपण. त्यातल्या प्रत्येक पेशीच्या आत बाहेरपेक्षा साधारण ५० ते ७० मिलिव्होल्ट निगेटिव्ह व्होल्टेज असतं, ते शून्याच्या दिशेने एका मर्यादेच्या वर चढलं की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आखडते. पण एकट्या पेशीच्या आखडण्याने काय होणार? ढोल पथकात प्रत्येकाने आपापल्या वेळेला टोला मारला तर नुसता गोंगाट, ठेका नाही. खोट्या कळांचं साधारण असंच असतं.

आता माझा लाडका भाग. शेजारच्या दोन पेशींच्या भिंतीत आरपार बोगदे असतात, त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. कनेक्सिन-४३ नावाच्या प्रोटीनचे ६ तुकडे या बाजूचे, ६ त्या बाजूचे, समोरासमोर चिकटले की एक बोगदा तयार, आणि त्यातून करंट थेट पुढच्या पेशीत, म्हणजे सगळं पथक एका ठेक्यावर. १९७७ मध्ये गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं की गरोदरपणात हे बोगदे जवळपास नसतातच, डिलिव्हरीच्या तोंडावर ढिगाने उगवतात आणि नंतर लगेच गायब! म्हणजे वायरिंग कामापुरतं करायचं आणि काढून टाकायचं. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन हे बोगदे वाढवतं, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचे रिसेप्टरही (पेशीवरचे त्या हार्मोनचं ऐकणारे कान) वाढवतं, प्रोजेस्टेरॉन दोन्हीवर पाय ठेवून असतं. या दाबून ठेवण्याला चापो या संशोधकाने १९५६ मध्ये 'प्रोजेस्टेरॉन ब्लॉक' म्हटलं.

गंमत अशी की मेंढी, उंदीर यांच्यात डिलिव्हरीआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं, बाईच्या रक्तात उतरतच नाही, वार पडेपर्यंत भरपूर असतं. मग ब्लॉक सुटतो कसा? हार्मोन तेच पण ऐकणारा बदलतो. प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर मुख्यतः दोन, बी हा शांत ठेवणारा, ए हा बी ला आडवा येणारा, आणि दिवस भरत आले की ए चं पारडं जड होतं, त्यामुळे आदेश येतोय पण अंमल नाही. (इथे डोकं गरगरलं तर हरकत नाही, माझंही गरगरलं होतं.) मिफेप्रिस्टोन हे औषध नेमकं हेच बाहेरून करतं, हार्मोनला हात न लावता रिसेप्टर अडवतं, आणि गप्प बसलेली पिशवी कळा आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाला एकदम दाद द्यायला लागते.

वहिनीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि सासूबाईंनी दिलेला ग्लास माझ्या हातात ठेवला.