मुलांचा ताबा व सहपालकत्व (सातारा–सांगली)

आईवडील विभक्त झाले किंवा त्यांचा घटस्फोट झाला, की अठरा वर्षांखालील मूल कोणाजवळ राहील, दुसऱ्याला ते कधी भेटेल आणि त्याच्या शाळेचे, औषधपाण्याचे निर्णय कोण घेईल, हे ठरवणारी व्यवस्था. ‘ताबा’ हा शब्द जमिनीच्या व्यवहारातून ओळखीचा. सातारा-सांगलीकडच्या गावांत ‘पोरगं कुणाच्या ताब्यात हाय?’ असे सहज विचारले जाते, आणि दोन्ही घरांचे भांडणही बांधावरच्या भांडणासारखेच रंगते. न्यायालय मात्र मुलावर कोणाचा हक्क हे पाहत नाही. मुलाचे हित कशात, हे पाहते.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वरचे. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे, असे कलम ६ सांगते. यावरून ‘पाच पूर्ण झाली की पोरगं बापाचं’ असा पक्का समज इकडे झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलाचा पाचवा वाढदिवस कित्येक आयांना धास्तीचा वाटतो. पाचनंतर ताबा आपोआप कोणाकडेच जात नाही. पुन्हा हितच पाहिले जाते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मतही न्यायालय विचारात घेऊ शकते. पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार, ही ताब्याहून वेगळी गोष्ट. कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई येते. पण हे ‘नंतर’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात (१९९९) लावला. हनफी या सुन्नी मुस्लिम विधिपरंपरेत मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांना उपलब्ध आहे.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात आणि ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात होतो. पण कोणत्या गावच्या? मूल जिथे नेहमी राहते, तिथल्या. या भागात हा प्रश्न फार अवघड होतो. विटा-खानापूर, आटपाडीकडची गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पाटण-जावळीतली माणसे माथाडी कामासाठी मुंबईत आहेत. बिनसले की आई मुलांना घेऊन माहेरी येते. मुले मामाच्या गावच्या शाळेत बसतात आणि वडील परमुलखात अर्ज करतात. मूल सुट्टीला आले आहे की इथेच रुजले आहे, यावर मग सगळे अडते. शाळेचा दाखला हा अशा वेळी नुसता कागद राहत नाही.

अनेक घरांत प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही. पंच बसतात, स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहितात आणि शेवटच्या ओळीत ‘मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे’ अशी वाटणी करून मोकळे होतात. अशी लिखापढी न्यायालयावर बंधनकारक नाही. भावंडांची अशी ताटातूट हा या रिवाजाचा सर्वांत क्रूर भाग म्हणावा लागेल. बहिणीची वेणी ओढणारा भाऊ एका दिवसात परगावचा होतो, आणि त्या दोघांना कोणी विचारलेलेही नसते.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेट मिळते : ठराविक रविवार, दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीचे दिवस, व्हिडिओ कॉल. दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचाच हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू खटल्यात (२०२०) म्हटले. प्रत्यक्षात ही भेट बरेचदा एसटी स्टँडवर सुरू होते. वडील कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन फलाटावर उभे. मूल दप्तरासकट उतरते, आधी सोबत आलेल्या आजोबांकडे बघते आणि ते मान हलवतात तेव्हाच पुढे जाते. संध्याकाळी परतताना गणिताची वही दुसऱ्या घरी राहते आणि सोमवारी शाळेत बोलणी मुलालाच खावी लागतात. पोटगी थकली म्हणून भेट बंद करणे किंवा भेट मिळाली नाही म्हणून पोटगी रोखणे, दोन्ही सर्रास चालते. वास्तविक या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत.

सहपालकत्व म्हणजे मुलाचे दोन्हींकडे राहणे आणि निर्णय मिळून घेणे. कायद्यांतील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तशा अटी लिहून घेता येतात. त्यांत गावची यात्रा कोणाकडे, गौरी-गणपती कोणाकडे, आजारपणात दवाखान्यात कोण नेणार, दोन्ही घरी गणवेशाचा एकेक जोड ठेवायचा का, हे बारीकसारीकही लिहावे. भांडणे तिथेच होतात. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल मोठे झाले, शाळा बदलली, कोणाची बदली झाली, तर तो बदलून मागता येतो.