टचडाऊन झालं की नाही, हे नेमकं ठरवतं कोण?

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्यांना वाटतं की टचडाऊन, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या गोल लाइनपर्यंत नेल्याचे सहा पॉइंट, रेफरी देतो, कारण पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर आणि माइकही त्याच्याकडेच. पण गोल लाइनवरचा कॉल बहुतेक वेळा त्याचा नसतोच. तो उभा असतो क्वार्टरबॅकच्या (बॉल हातात घेऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूच्या) मागे, आणि समोर धिप्पाड माणसांचा ढिगारा, त्यातून बॉल लाइनला लागला की चार इंच अलीकडे राहिला हे त्याला कुठून दिसणार! क्रिकेटमध्ये रनआउटला स्क्वेअर लेगचा अंपायर क्रीजच्या रेषेत उभा असतो ना, तसंच आहे हे, लाइनवर जो उभा त्याचं म्हणणं खरं.

हा खेळ निघाला रग्बीतून, आणि तिथे बॉल खरोखर जमिनीला टेकवावा लागतो. अमेरिकेत ती अट नंतर निघून गेली, आता ताब्यातल्या बॉलचं नुसतं टोक गोल लाइनच्या वर उभ्या असलेल्या अदृश्य भिंतीला लागलं तरी सहा पॉइंट. सगळी भांडणं त्या टोकावरून.

एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, १९२० ला सुरू झाली तेव्हा रेफरी, अंपायर आणि हेड लाइन्समन असे तिघंच असायचे. १९२९ ला चौथा आला, १९४७ ला पाचवा, १९६५ ला लाइन जज आणि १९७८ ला साइड जज धरून सात. यातला लाइन जज सगळ्यात महत्त्वाचा असं माझं मत, कारण त्याच्यामुळे हेड लाइन्समनच्या बरोबर समोर, पलीकडच्या साइडलाइनला दुसरा माणूस उभा राहिला, म्हणजे लाइन दोन्ही टोकांनी बघता यायला लागली. (हेड लाइन्समनला २०१७ पासून डाऊन जज म्हणतात.)

पद्धत साधारण अशी, की बॉल गोल लाइनच्या पाच-सात यार्डांच्या आत आला की स्नॅप होताच (बॉल मागे देऊन प्ले सुरू होताच) दोन्ही बाजूचे विंग ऑफिशियल, म्हणजे डाऊन जज आणि लाइन जज, बाकी सगळं सोडून थेट गोल लाइन गाठतात आणि तिथून प्ले आपल्याकडे येताना बघतात. बॉल लांब असेल तर गोल लाइन मागच्या फील्ड जज आणि साइड जजकडे. टचडाऊनसाठी हात फक्त त्यानेच वर करायचे ज्याने बॉल स्वतः बघितलाय, समोरच्याने केले म्हणून आपणही केले असं चालत नाही. अंपायर ढिगाऱ्यात घुसून बॉल कुणाकडे आहे ते शोधतो पण टचडाऊनचा इशारा त्याचा नाही. २०१० मध्ये एनएफएलने अंपायरला दुखापतींमुळे डिफेन्सच्या (अडवणाऱ्या टीमच्या) बाजूने उचलून ऑफेन्सच्या (बॉल असलेल्या टीमच्या) मागे नेलं, तरी पाच यार्डांच्या आत मात्र तो जुन्याच जागी राहणार असं ठरवलं.

पण जागा बरोबर म्हणून नजर बरोबर असं काही नाही. १९७९ च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या) चार्ल्स व्हाइटच्या हातून बॉल लाइनच्या आधीच सुटला होता, अंपायरचं मत मिशिगनच्या बाजूचं, लाइन जजने मात्र हात वर केले, आणि टिकलं लाइन जजचंच. यूएससी जिंकली १७-१०.

खरा स्फोट झाला ६ डिसेंबर १९९८ ला. एनएफएलमध्ये जेट्स विरुद्ध सीहॉक्स, शेवटचं अर्धं मिनिट, चौथा डाऊन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), जेट्सचा क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टावर्डी बॉल घेऊन स्वतःच घुसला आणि लाइनच्या अलीकडे पडला. हेल्मेट पलीकडे गेलं होतं, बॉल नाही, पण हेड लाइन्समनला तो बॉलच वाटला आणि टचडाऊन दिलं गेलं. जेट्स ३२-३१. सीहॉक्स सीझनमध्ये ८ विजय, ८ पराभव यावर अडकले, प्लेऑफ हुकला, त्यांचा कोच डेनिस एरिक्सनची नोकरी गेली. एनएफएलमध्ये रीप्ले (व्हिडिओ बघून कॉल तपासणं) १९८६ ला आलेला आणि १९९१ च्या सीझननंतर बंद केलेला, तो मार्च १९९९ मध्ये मालकांनी २८-३ मतांनी परत आणला. एकटा हाच कॉल कारण नव्हता, त्या सीझनला आणखीही घोळ झाले होते, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेल्मेट. २०११ पासून तर प्रत्येक स्कोअरिंग प्ले आपोआप तपासला जातो.

तरी वाद मिटलेत असं नाही. मैदानावरचा निर्णय फिरवायला स्पष्ट पुरावा लागतो, म्हणजे लाइनवरच्या माणसाने आधी काय दिलं यालाच वजन. ३१ डिसेंबर २०२२ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात मिशिगनच्या रोमन विल्सनला मैदानावर टचडाऊन दिलं होतं, रीप्लेने ते काढून बॉल जेमतेम अर्ध्या यार्डावर ठेवला, आणि पुढच्याच प्लेला मिशिगनने तिथे फंबल करून (हातातून बॉल सोडून) तो टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला) दिला. सामना टीसीयूने ५१-४५ असा मारला, म्हणजे बरोबर एका टचडाऊनचा फरक.