गाभण गायीचा खुराक आणि पोटातले वासरू : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पशुखाद्याच्या आमच्या दुकानात दर आठवड्याला चार-पाच पशुपालक तरी एकच तक्रार घेऊन येतात. वासरू चार महिन्यांचे झाले तरी अंग धरत नाही, केस राठ होऊन उभे राहिले आहेत, पोट मडक्यासारखे सुटले आहे, जंताचे औषधही पाजून झाले आहे. तेव्हा "शेठ, आता एखादी चांगली पावडर द्या" असे त्यांचे म्हणणे असते. अशा वेळी आम्ही पावडरीच्या कपाटाकडे न वळता आधी विचारतो, की याची आई गाभणपणाच्या आठव्या-नवव्या महिन्यात काय खात होती. या प्रश्नाचा अनेकांना राग येतो. "वासराचं विचारायला आलो, अन् तुम्ही गायीचं काय घेऊन बसलात?" असे एका वडीलधाऱ्या ग्राहकांनी आम्हाला भर दुकानात सुनावले होते. तेच उत्तर प्रत्येकाला उभ्याउभ्या समजावून सांगण्यात गर्दीच्या वेळी अर्धा-अर्धा तास जातो, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले आहे.

आमच्या पाहण्यातली सर्वांत महागात पडणारी चूक एकच आहे, आणि ती म्हणजे गाय आटली की त्याच दिवशी तिचा खुराक बंद करणे. असे का होते ते आम्हाला समजते. डेअरीत दूध जात असते तोवर पेंडीचा खर्च दुधातून निघतो. दूध थांबले की पेंड अंगावर येते, आणि मग भाकड जनावराला कडबा टाकला तरी पुरे असे घराघरांत ठरते. परंतु गाय साधारण २८० ते २८५ दिवस गाभण असते आणि वासराच्या जन्मवेळच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. म्हणजे ज्या दिवशी आपण तिच्यापुढची पाटी उचलतो, त्याच सुमारास तिच्या पोटातली मागणी सर्वांत जास्त चढू लागलेली असते. शिवाय वाढते वासरू पोटातली जागा अडवत असल्यामुळे शेवटच्या आठवड्यांत गाय चाराही पूर्वीइतका खाऊ शकत नाही.

मराठवाड्यात यात आणखी एक भर पडते. पावसाळ्यात हिरवे पोटभर मिळाले की गायी माजावर येतात, आणि बऱ्याच गायी पोळा ते दसरा या काळात गाभण राहतात. त्यांचे शेवटचे तीन महिने नेमके चैत्र-वैशाखात पडतात. तेव्हा बांधावर गवताची काडी नसते, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते आणि गव्हाणीत ज्वारीचा कडबा, नाहीतर सोयाबीनची गुळी उरलेली असते. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन ते चार टक्के असतात. चाऱ्यात प्रथिने साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली, की गायीच्या कोठीपोटातले जे सूक्ष्मजीव चारा पचवतात तेच उपाशी राहतात, आणि खाल्लेला कडबाही पुरता पचत नाही. गाय दिवसभर रवंथ करताना दिसते, पोट भरलेले दिसते, आणि तरी ती आतून झिजत असते. तिच्या पाठीवर हात फिरवून पाहावे. बरगड्या तळहाताला हलक्या दाबाने लागाव्यात. त्या लांबूनच मोजता येत असतील, तर वासराचा वाटा ती स्वतःच्या अंगातून काढून देत आहे, हे ओळखावे.

आता यावर नेहमी येणारा प्रश्न असा, की वासरू तर जन्मतः बरे दिसत होते, मग पुढे का खुंटले. याचे कारण असे, की जन्मवेळचे वजन ही गोष्ट पुष्कळदा फसवी असते. गाय आपल्या अंगावरचे मोडून वासराला देते, त्यामुळे थोडी आबाळ झाली तरी वजनात फार फरक दिसत नाही. फरक आतल्या जडणघडणीत पडतो. स्नायूंच्या तंतूंची संख्या जवळजवळ सगळी जन्माआधीच ठरते. जन्मानंतर ते तंतू जाड होतात, त्यांची संख्या वाढत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गोऱ्ह्याची छाती आणि मागचा भरणा पाहून जो भाव ठरतो, त्याचा पाया म्हणजे आईच्या पोटात घातले गेलेले हे तंतू होत. तांब्याचेही तसेच आहे. दुधात तांबे फारच कमी असते, म्हणून वासरू ते आईच्या पोटात असतानाच स्वतःच्या यकृतात साठवून घेते, आणि आईपाशीच नसेल तर ही शिदोरी अपुरी राहते. जीवनसत्त्व अ हिरव्या चाऱ्यातून मिळते. गाय काही महिन्यांचा साठा यकृतात धरून ठेवते, पण मार्गशीर्षानंतर हिरवे पाहिलेच नसेल तर वैशाखापर्यंत तो संपलेला असतो, आणि अशक्त किंवा डोळ्यांनी अधू वासरे जन्मण्यामागे हे एक कारण असते. पहिले दोन-तीन महिनेही सोडून देण्यासारखे नाहीत, कारण ज्या वारेतून पुढे सगळे पोषण जाणार, ती तेव्हाच बांधली जात असते. कालवडीच्या बाबतीत तर तिच्या बीजकोशातला बीजांचा साठाही ती आईच्या पोटात असतानाच तयार होतो. गायींना गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात अर्धपोटी ठेवून झालेल्या एका प्रयोगात त्यांच्या कालवडींच्या बीजकोशात वाढणाऱ्या बीजपुटिका, म्हणजे ज्यांत बीज वाढते त्या बारीक पिशव्या, कमी आढळल्या होत्या.

या विषयावरचा बराच अभ्यास अमेरिकेत, मांसासाठी पाळलेल्या गायींवर झालेला आहे. तिकडची पद्धत आणि हेतू आपल्यापेक्षा वेगळे आहेत. पण हिवाळ्यात वाळक्या कुरणावर चरणारी गाभण गाय आणि उन्हाळ्यात कडब्यावर काढलेली आपली गाय यांची पोटाची अडचण एकच आहे. नेब्रास्का विद्यापीठाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेवटच्या तीन महिन्यांत काही गायींना वाळक्या चाऱ्यासोबत दररोज अर्धा किलोच्या आतबाहेर प्रथिनयुक्त खुराक दिला होता, आणि काहींना दिला नव्हता. दोन्हींकडच्या कालवडी पुढे सारख्याच सांभाळल्या. खुराक मिळालेल्या गायींच्या कालवडींपैकी ९३ टक्के गाभण राहिल्या, तर न मिळालेल्यांच्या ८० टक्के. जन्मवेळच्या वजनावरून हा फरक कोणाला ओळखता आला नसता. हे आकडे तिकडच्या जातींचे आहेत, आपल्या देवणी किंवा लाल कंधारी गायीत ते जसेच्या तसे उतरतील असा दावा आम्ही करत नाही. मात्र दिशा तीच आहे.

आमच्या एका जुन्या ग्राहकांकडे देवणी गायीच्या दोन कालवडी आहेत. एकीच्या वेळी गाय मार्गशीर्षात व्याली, म्हणजे शेवटचे महिने तिला बांधावरचे हिरवे मिळाले होते; दुसरीच्या वेळी ज्येष्ठात व्याली, आणि त्याआधी चार महिने तिला गुळीखेरीज काही मिळाले नव्हते. दोघी एकाच दावणीला वाढल्या. थोरली अडीच वर्षांची होता होता माजावर आली, धाकटी तीन वर्षे उलटून गेली तरी आलेली नाही. एका दावणीवरून सिद्धांत मांडू नये हे आम्ही जाणतो. पण त्या दोघींना शेजारी उभ्या पाहिल्यावर आम्ही हा विषय गांभीर्याने घेतला.

खुराक दिला तर वासरू मोठे होऊन गाय अडते, ही भीतीही अनेकजण बोलून दाखवतात. वासराचा आकार मुख्यतः वळूवर आणि जातीवर अवलंबून असतो. लहान चणीच्या पहिलारू कालवडीला होल्स्टीनसारख्या मोठ्या जातीचे रेतन केले तर ती अडण्याचा धोका राहतोच, मग आपण तिला उपाशी ठेवा की खाऊ घाला. उपासमारीने वासराचे वजन किलो-दोन किलोने घटेलही, परंतु कळा द्यायला गायीच्या अंगात जोर राहत नाही, चीक कमी आणि पातळ येतो, आणि व्याल्यानंतर ती लवकर माजावर येत नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन गाय लठ्ठ करणेही चुकीचेच आहे. लठ्ठ गाय व्याल्यानंतर चारा कमी खाते आणि मग तिची वेगळीच दुखणी सुरू होतात.

साडेतीनशे ते चारशे किलो वजनाच्या देवणी गायीला सातव्या महिन्यात रोज एक किलो आणि आठव्या-नवव्या महिन्यात दीड ते दोन किलो खुराक सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा, सोबत ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, आणि कडबा कुट्टी करूनच टाकावा, असे आमचे सांगणे असते. पाच-सात किलो का होईना, हिरवे मिळत असेल तर ते दुभत्या गायीच्या आधी या गायीला टाकावे. दोन किलो खुराकातून सुमारे सव्वातीनशे ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढी कडब्यातून मिळवायची तर नऊ किलो कडबा जास्तीचा खावा लागेल, आणि तेवढी जागा त्या महिन्यात तिच्या पोटात नसते. दुष्काळात उसाच्या वाढ्यांवर काढलेल्या गायीला खनिज मिश्रण अजिबात चुकवू नये, कारण वाढ्यांतील ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते.

गाभण गायीसाठी आम्ही जे मिश्रण तयार करतो त्यात गुपित काही नाही. १०० किलोमध्ये मक्याचा भरडा ३२ किलो, सरकी पेंड २८, तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी २०, गव्हाचा कोंडा १२, सोयाबीन पेंड ५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो असते, आणि प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास बसतात. ज्यांच्याकडे घरची चुनी आणि घरचा मका आहे, त्यांनी हे घरी जरूर करावे. फक्त पेंडीला बुरशीचा वास येत नाही ना, हे मूठभर हातात घेऊन तपासावे. आमची पिशवी दोन-तीन रुपयांनी महाग का, असे विचारणाऱ्यांना आम्ही गोदामातली सरकी दाखवतो. पावसात भिजलेला माल आम्ही स्वस्तात मिळाला तरी उचलत नाही, आणि मिश्रण महिनाभर साठवून न ठेवता दर दहा दिवसांनी ताजे काढतो. त्यामुळे कधी कधी ग्राहकाला दोन दिवस थांबावे लागते, आणि त्यावरून बोलणीही खावी लागतात.

दोन गोष्टींबाबत आमच्याविषयी गैरसमज आहे. व्यायला दोन-तीन आठवडे उरले असताना कॅल्शियमची बाटली मागणाऱ्या ग्राहकाला, विशेषतः त्याची गाय जास्त दुधाची संकरित असेल तर, आम्ही ती देत नाही. या काळात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळाले, की हाडांतून ते काढून घेण्याची गायीची स्वतःची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर गाय बसण्याचा, म्हणजे दूधज्वराचा, धोका वाढतो. व्याल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच बाटली आम्ही आनंदाने देतो. दुसरे असे, की खुंटलेल्या वासरासाठी नेलेली वासरखाद्याची पिशवी "गुण आला नाही" म्हणून अर्धी संपवून परत आणली, तर ती आम्ही घेत नाही. वासरखाद्याने वाढीला मदत होते, परंतु पोटात राहून गेलेली कसर ते पूर्णपणे भरून काढू शकत नाही, हे विकतानाच सांगितलेले असते.

चिकाबद्दल थोडक्यात. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला मिळत नाहीत, ती केवळ चिकातून मिळतात, आणि वासराच्या आतड्याची ती शोषण्याची शक्ती चोवीस तासांत संपते. पहिला चीक तासाभराच्या आत, वार पडण्याची वाट न पाहता पाजावा, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पोटात जावा. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. खर्वसासाठी उरला तर उरला.

उन्हाळ्यात या गायीला सावली आणि दिवसभर पाणी हवे. फ्लोरिडातील अभ्यासांत आटलेल्या काळात उष्म्याने त्रासलेल्या गायींची वासरे कमी वजनाची निघाली, आणि त्यांच्या कालवडींनी मोठेपणी पहिल्या वेतात दूधही कमी दिले. गोठ्याचे पत्रे तापत असतील तर त्यांवर पाचट किंवा तुराट्या टाकून पाणी शिंपडल्यानेही फरक पडतो.

राहिला आमच्या कामाचा मुद्दा. गाभण गायीचा खुराक मागायला येताना रेतनाची तारीख आणावी, ही आमची विनंती आहे. "सात-आठ महिन्यांची असेल" एवढ्यावर प्रमाण ठरवता येत नाही, आणि घरी फोन लावून विचारपूस करण्यात आपलाही वेळ मोडतो. तारीख दिल्यास आम्ही एका कार्डावर सातवा महिना केव्हा लागतो, गाय केव्हा आटवायची आणि अंदाजे केव्हा विणार, हे लिहून देतो; त्या कार्डाचे पैसे घेत नाही, आणि खुराक आमच्याकडूनच घ्यावा अशी अटही नाही. रेतनाची पावती नसेल तर मोबाईलमधला तिचा फोटो चालतो. तोही नसेल, तर गाय कोणत्या सणाच्या सुमारास भरवली एवढे घरात विचारून यावे. श्रावणी पोळ्याला भरवलेली गाय साधारण ज्येष्ठात विते, आणि तिच्या खुराकाची पहिली पिशवी होळीच्या आसपास घरी पोहोचलेली असावी लागते.