जुनी स्कूटर घेताय? आधी आरसी बुक, मग भाव

जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत दहा फोटो चकचकीत रंगाचे असतात, आरसी बुकाचा, म्हणजे नोंदणीपत्राचा, एकही नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पेपर क्लिअर आहेत, तुम्ही या बघायला.’ चेतक असो, साताऱ्यात बनलेली प्रिया असो, आपल्या भांडुपच्या कारखान्यातली लॅम्ब्रेटा असो की लखनौची विजय सुपर, माझ्या मते तिचा भाव आधी कागदावर ठरतो, मग पत्र्यावर. कागद नसलेली स्कूटर कितीही देखणी असली तरी सुट्या भागांच्याच भावाची.

नोंदणी जिवंत आहे का?

खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे 1984 साली नोंदवलेल्या चेतकचं नूतनीकरण 1999, 2004, 2009, 2014, 2019 आणि 2024 मध्ये झालेलं असायला हवं. आरसीवरची शेवटची मुदत पाहा आणि परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर तो नंबर टाकून पडताळा. मालकाचं नाव, कर्जाचा बोजा, नोंदणी चालू की रद्द, हे तिथेच कळतं. थकलेली ई-चलानंही त्याच बैठकीत तपासून घ्या.

1989 पूर्वीच्या, तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरांची नोंद अनेकदा ऑनलाइन सापडत नाही. आरटीओच्या जुन्या दप्तरातून ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. हे काम विक्रेत्याकडून करून घ्या आणि नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत टोकनपलीकडे पैसे देऊ नका. ‘होऊन जाईल, एजंट आपला आहे’ या वाक्याला बाजारात काहीही किंमत नाही.

नूतनीकरण राहिलं असेल तर फॉर्म 25 भरून गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यावी लागते. 20 वर्षांवरच्या दुचाकीसाठी केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये हे शुल्क 2,000 रुपये केलं. उशिरासाठी केंद्रीय नियमांत दुचाकीला दरमहा 300 रुपयांची तरतूद आहे. दहा वर्षं मुदत संपलेल्या गाडीला हा हिशोब 36,000 रुपयांवर जातो. शिवाय 15 वर्षांवरच्या गाडीला राज्याचा पर्यावरण कर आहेच. अंदाज बांधत बसू नका, पोर्टल जी रक्कम दाखवेल ती धरा आणि सांगितलेल्या भावातून वजा करा. त्यात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही मिळवा, दुचाकीसाठी जीएसटी सोडून 450 रुपये.

विकणारा मालक आहे का?

‘आजोबांची गाडी आहे’ हे ऐकायला छान वाटतं, पण आजोबा हयात नसतील तर नातू ती थेट विकू शकत नाही. आधी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती देऊन गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे. जुन्या मालकाने कधीकाळी सही करून ठेवलेले कोरे फॉर्म घेऊन फिरणारे दलालही भेटतील. तिथून उठून या.

कागद सरळ असतील तर गाडी नावावर करणं अवघड नाही. लागतं ते असं: फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म 60, आणि चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप. आरसीवर कर्ज दिसत असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्रही. गाडी राज्यातलीच असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं. अर्ज आपल्या पत्त्याच्या आरटीओत, मुंबईत: ताडदेव एमएच 01, अंधेरी 02, वडाळा 03, बोरिवली 47. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलं फॉर्म 28 चं ना-हरकत प्रमाणपत्र आधी हवं.

परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला करही भरावा लागतो. दिल्ली परिसरात 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिथल्या स्कूटर स्वस्तात दिसतात. ना-हरकत प्रमाणपत्र हातात नसेल तर तो स्वस्तपणा आपल्या कामाचा नाही.

आता पत्रा

चेतक, प्रिया, व्हेस्पा या घराण्यात पत्र्याची बॉडी हीच चेसिस. म्हणून फूटबोर्ड खालून पाहा. तिथला गंज म्हणजे सांगाड्याचा गंज. लॅम्ब्रेटात आत नळीचा सांगाडा असतो आणि वरचे पत्रे सुटे, पण ते पत्रे शोधताना आणि विकत घेताना घाम फुटतो. चेतकचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बहुधा मिळून जातात. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. रंगाखाली पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही. बोअर किती वेळा मारला तेही विचारा, कारण प्रत्येक वेळी सिलिंडर थोडा कापला जातो आणि त्याला मर्यादा आहे.

चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर सौदा तिथेच संपवा. इंजिन बदलण्याची तर या गाड्यांना सवयच. बदल आरसीवर चढवलेला नसेल तर पासिंगला अडतं. रंगाचंही तसंच: आरसीवर पांढरा आणि समोर लाल असेल तर तो बदलही नोंदवून घ्यावा लागेल.

‘व्हिंटेज’ म्हणून जास्त पैसे द्यावेत का?

बहुतेक वेळा नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. 1990 ची चेतक त्यात बसत नाही. पात्र गाडीसाठी फॉर्म 20, विमा आणि जुनी आरसी लागते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपयांत. नव्याने नंबर मिळाला तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो.

मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोज दादरच्या मंडईत नेता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

सौदा ठरला की टोकन द्या, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती एकाच वेळी घ्या, बाकीची रक्कम बँकेतून द्या. विमा कंपनीलाही 14 दिवसांच्या आत लेखी कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या.