हातातून की पायातून?

पुण्यात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ब्लॉकेज किती टक्के होतं, स्टेंट किती टाकले, मेडिक्लेमवाल्यांनी किती कापले. मग आवाज जरा खाली आणून, ‘हातातून केली की पायातून?’ म्हणजे हृदयापर्यंतची नळी मनगटातून घातली की जांघेतून. हातातून म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा सैल होतो. अर्धं दुखणं तिथंच संपलं असं त्याला वाटतं.

१९९७ मध्ये आमच्या नारायण पेठेतल्या थोरल्या काकांना स्टेंट टाकला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पायाखेरीज दुसरी वाट असते हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की काका उताणे पडलेले, उजव्या जांघेवर वाळूची जड पिशवी. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन चादर उचलून बघायच्या आणि बजावायच्या, ‘काका, गुडघा वाकवायचा नाही हं.’ लघवीसुद्धा तशीच पडल्या पडल्या, भांड्यात. काका काकूला म्हणाले, ‘अगं, छातीचं काही वाटत नाही मला, ही पिशवी काढायला सांग तेवढी.’ घरी आले तेव्हा मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी होती. ती मूळ रंगावर यायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस काकू हृदयाबद्दल कमी, मांडीबद्दलच जास्त बोलत होती.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात हातातूनच झाली होती. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या इस्पितळात वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या डाव्या कोपराजवळच्या शिरेतून नळी आत सारली आणि ती तशीच ठेवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला. नळीचं टोक हृदयात पोचलेलं फिल्मवर दिसलं. तेव्हा त्याला बोलणी खावी लागली, नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये. त्याची वाट शिरेची होती, म्हणजे अशुद्ध रक्ताची. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांपर्यंत जायचं तर धमनीतूनच शिरावं लागतं. स्वीडनच्या स्टिग राडनर यांनी १९४८ मध्ये मनगटातली धमनी उघडून त्यातून महाधमनीची चित्रं घेतली, पण ते तिथंच राहिलं. दहा वर्षांनी क्लीव्हलंडला मेसन सोन्स दंडाच्या धमनीतून काम करत होते. महाधमनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडायचा होता, तर नळीचं टोक चुकून उजव्या करोनरीत घसरलं आणि सगळा डाय तिथंच गेला. रोग्याचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्स ओरडले, खोका! रोगी खोकला आणि ठोके परत सुरू झाले. करोनरी अँजिओग्राफीचा, म्हणजे या धमन्यांची चित्रं घेण्याचा, जन्म असा अपघातातला आहे, आणि तोही हातातूनच झालेला.

मग सगळे पायाकडे का वळले? सोन्स यांच्या पद्धतीत कोपराजवळ कातडी कापून धमनी बाहेर काढावी लागे आणि काम झाल्यावर टाके घालून शिवावी लागे. ते शल्यचिकित्सकाचं कसब झालं. दुसरीकडे स्वीडनच्याच स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सांगितलेली युक्ती फार सोपी होती. सुई टोचा, सुईतून तार घाला, सुई काढा, तारेवरून नळी सरकवा. कापाकापी नाही. ती जांघेतल्या जाड धमनीत सहज जमे. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी टोकाला आधीच हवा तसा बाक दिलेल्या नळ्या केल्या. जांघेतून वर ढकलली की नळी जवळजवळ आपोआप करोनरीच्या तोंडाशी जाऊन बसे. आन्द्रेआस ग्रुन्त्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ला झुरिकमध्ये ३८ वर्षांच्या माणसाची पहिली बलून अँजिओप्लास्टी केली, म्हणजे आवळलेली धमनी आत फुगा फुगवून रुंद केली, तीही जांघेतूनच. भारतात चेन्नईच्या डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांनी १९८६ मध्ये सुरुवात केली. त्यानंतरच्या पिढ्या हेच शिकल्या.

जांघेतली वाट रुंद खरी. तिथली धमनी ६ ते ७ मिलीमीटरची, मनगटातली जेमतेम अडीच. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात, एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे ६ फ्रेंचची नळी २ मिलीमीटरची. जांघेत ती आरामात हिंडते, मनगटात अंग चोरून जाते. पण जांघेतली धमनी खोल असते, आणि सुई थोडी वर लागली तर पोटाच्या मागच्या पोकळीत रक्त साठत राहतं. बाहेर थेंबही दिसत नाही. कंबर दुखते, बीपी पडायला लागतं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मनगटातल्या धमनीच्या मागे लगेच हाड आहे. अंगठा दाबला की रक्त थांबतं. शिवाय हाताला दोन धमन्या असतात आणि त्या तळव्यात एकमेकींना मिळतात, त्यामुळे एक बंद पडली तरी बोटं सहसा उपाशी राहत नाहीत. (वैद्य तीन बोटं ठेवून वात, पित्त, कफ पाहतात ती हीच मनगटातली धमनी. रास्ता पेठेत नाडी दाखवून आलेला माणूस महिन्याभराने कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, तोच हात पुढे करतो.)

हे रक्तस्रावाचं प्रकरण स्टेंट आल्यावर चिघळलं. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जॅक पुएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी पहिले स्टेंट बसवले. धातूची जाळी धमनीत ठेवली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरायची भीती. म्हणून ॲस्पिरिन, हिपॅरिन, वर वॉरफरिन, असा रक्त पातळ करण्याचा मारा. हृदयातली जाळी उघडी राहावी म्हणून दिलेली औषधं मांडीतलं भोकही उघडं ठेवत. १९९४ मधल्या बेनेस्टेंट या ५२० रोग्यांच्या अभ्यासात हे आकड्यांत उतरलं. टोचलेल्या जागी रक्तस्राव किंवा धमनीची इजा, इतकी की रक्त चढवावं लागावं किंवा शस्त्रक्रिया करावी लागावी, हे नुसत्या बलूनवाल्यांत ३.१ टक्के आणि स्टेंटवाल्यांत १३.५ टक्के. इस्पितळातला मुक्काम ३.१ दिवसांवरून ८.५ दिवसांवर गेला. धमनी पुन्हा आवळण्याचं प्रमाण स्टेंटने कमी केलं होतं, पण त्याची किंमत मांडी मोजत होती.

मॉन्ट्रियलच्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये १०० रोग्यांची अँजिओग्राफी मनगटातून केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ते वाचून अॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनेय यांच्या डोक्यात आलं, की तपासणी होते तर उपचार का नाही? ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांनी मनगटातून बलून फुगवला आणि लवकरच स्टेंटही बसवला. मग ९०० रोग्यांची मनगट, कोपर, जांघ अशी वाटणी करून तुलना केली, ती १९९७ मध्ये आली. टोचलेल्या जागेची मोठी गुंतागुंत जांघेत २ टक्के, कोपरात २.३, मनगटात शून्य. मात्र मनगटातून करोनरीपर्यंत पोचण्यात ९३ टक्केच यश आलं, जांघेतून ९९.७. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुढची पंधरा वर्षं बहुतेक डॉक्टर का बिचकले ते त्यात आहे.

आणखी एक कारण फारसं बोललं जात नाही. ज्या अडचणीवर मनगट हा उतारा होता, ती अडचणच परस्पर सुटत चालली. स्टेंट जास्त दाबाने नीट फुगवला आणि ॲस्पिरिनसोबत टिक्लोपिडिन हे गुठळी रोखणारं औषध दिलं तर वॉरफरिनची गरज नाही, हे १९९५-९६ च्या सुमारास स्पष्ट झालं. मांडीतला रक्तस्राव उतरला. मग हाताला सवय असलेली वाट सोडून मनगटाच्या अरुंद बोळात कोण शिरेल? जांघेतून जाणं म्हणजे हायवे धरणं, मनगटातून जाणं म्हणजे शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेतून वाट काढणं. धमनी अंग आक्रसून नळी घट्ट पकडते. कोपराजवळ वेटोळं निघतं. खांद्याशी वळणं. नवशिक्याचा वेळही जास्त जातो आणि एक्स-रेचा मारा डॉक्टरच्याच अंगावर जास्त पडतो. अमेरिकेत २००७च्या सुरुवातीला मनगटातून होणाऱ्या अँजिओप्लास्टीचं प्रमाण अवघं १.२ टक्के होतं, २०१२ पर्यंत ते १६ टक्क्यांवर आलं. युरोप, जपान आणि भारतातली काही केंद्रं त्याच्या बरीच पुढे होती. अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांचं नाव इथं घ्यावंच लागतं. नळीच्या तोंडाची कड आक्रसलेल्या धमनीला खरवडते म्हणून बलून अर्धा बाहेर काढून फुगवायचा, नळीला गोल नाक आणायचं आणि मग सरकवायची, ही त्यांची आणि सहकाऱ्यांची युक्ती. ऐकताना साधी वाटते. अडलेल्या केसमध्ये तीच सुटका करते.

मनगटाला दुसरा जन्म मिळाला तो हार्ट अटॅकच्या रोग्यांमुळे. त्यांना रक्त पातळ करण्याची जोरदार औषधं पडतात आणि त्यांचा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. २०११ मधल्या रायव्हल या ७,०२१ रोग्यांच्या चाचणीत एकूण निकालात दोन्ही वाटा सारख्याच निघाल्या, पण टोचलेल्या धमनीची मोठी इजा मनगटात १.४ आणि जांघेत ३.७ टक्के. २०१५ च्या मॅट्रिक्स चाचणीत ८,४०४ रोगी होते आणि तिथं मृत्यूतच फरक दिसला, मनगटात १.६ आणि जांघेत २.२ टक्के. त्याच वर्षी युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत मनगटाला वरचा दर्जा मिळाला, अमेरिकेच्या २०२१ मध्ये आल्या. पण २०२० मधल्या सफारी-स्टेमी चाचणीत, जिथं दोन्हीकडे सराईत हात होते, मृत्यूत फरक आढळला नाही. ‘हातातून केली म्हणजे वाचलो’ असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी ही चाचणीही लक्षात ठेवावी. टोचणारा कुठल्या वाटेला सरावलेला आहे, याला अजून वजन आहे. आता तर उलटी काळजी ऐकू येते. नवे डॉक्टर जांघेत इतके कमी टोचतात की गरज पडेल तेव्हा तिथं हात बसलेला नसतो. आणि गरज पडतेच. झडप बदलायची असेल, हृदयाला पंपाचा आधार द्यायचा असेल, तर जाड नळीला मोठी धमनीच लागते. डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) किंवा बायपाससाठी मनगटातली धमनी राखून ठेवायची असली, तरी पायच.

गेल्या वर्षी कोथरूडच्या मावशीला स्टेंट टाकला, हातातून. टेबलावर घेण्याआधी उजव्या हातातल्या पाटल्या साबण लावून काढाव्या लागल्या, तेवढाच काय तो आरडाओरडा. बाहेर आली तेव्हा मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा होता आणि डाव्या हातात चहाचा कप. सिस्टर ठरावीक वेळाने सिरिंज लावून थोडी थोडी हवा काढत होत्या. दुसऱ्या वेळी पट्ट्याखाली लाल ठिपका उमटला. त्यांनी काही न बोलता हवा परत भरली आणि घड्याळात पाहिलं. मावशीने विचारलं, ‘पाटल्या कधी घालू?’

‘परवा घाला, मावशी. आणि भरलेली बादली आठवडाभर उचलायची नाही.’