गाठीचे मूळ: पेशीबाहेर की पेशीच्या आत?

शरीरात गाठ का वाढते, याचे उत्तर युरोपातील वैद्यक प्राचीन ग्रीक वैद्य गेलन यांच्या काळापासून सुमारे दीड हजार वर्षे ‘काळ्या पित्ता’त, म्हणजे शरीरातील चार द्रवांपैकी एक मानल्या गेलेल्या द्रवात, शोधत राहिले. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये गाठीदेखील पेशींच्याच बनलेल्या असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते हा विचार त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८५० च्या दशकात रुजवला. गाठ म्हणजे शरीराच्याच पेशींची बेबंद वाढ, हे त्यानंतर मान्य होत गेले. मात्र त्या बेबंद का होतात, हा प्रश्न उरलाच.

कारण बाहेरचे असावे, याला पुरावे होते. धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोषाच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचा संबंध पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता, तर यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर चोळून १९१५ मध्ये प्रत्यक्ष कर्करोग निर्माण केला. त्याआधी, १९११ मध्ये, पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी आणि जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ आली; गाळणीतून पार झालेला तो कारक म्हणजे एक विषाणू होता. कोंबड्यांवरून माणसाबद्दल काय कळणार, अशा शंकेने हे काम बराच काळ बाजूला पडले. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते थेट १९६६ मध्ये.

या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित वळण याच विषाणूमुळे आले. मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवले की, विषाणूतील कर्करोगकारक जनुकाचे मूळ रूप निरोगी पक्ष्यांच्या पेशींतच असते. म्हणजे बाहेरचा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते, त्या विषाणूने ते जनुक पेशीतूनच उचललेले होते. काजळी, डांबर आणि विषाणू यांचे धागे इथे एकत्र येतात, कारण या साऱ्यांचा घाला अखेर पेशीवाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांच्या कामावर पडतो. गुणसूत्रांतील बिघाडातून गाठ उद्भवत असावी, हा थिओडोर बोव्हेरी यांचा १९१४ मधील तर्क त्यामुळे पुन्हा महत्त्वाचा ठरला.

वाढीला लगाम घालणारी जनुकेही असतात. मुलांच्या दृष्टिपटलातील गाठीचा अभ्यास करून आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये मांडले की, ही गाठ होण्यास दोन आघात, म्हणजे जनुकांत दोन बिघाड, लागतात; ज्यांना पहिला आघात आनुवंशिकतेने मिळालेला असतो, त्यांच्यात ती लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होते.