रंग धरणारे आणि रंग सोडणारे जिवाणू

बहुतेक जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक दिसतात, म्हणून त्यांना आधी रंगवावे लागते. मात्र रंगवल्यावर वर्गीकरण ठरते ते रंग कोणाला चढला यावरून नव्हे, तर धुतल्यावर कोणाचा टिकला यावरून.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्यकाने १८८४ मध्ये रंगवून धुण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील जिवाणू उठून दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. काही जिवाणूंचा रंग अल्कोहोलने निघून जाई, हे त्याला आपल्या पद्धतीचे वैगुण्य वाटले; पुढे याच वैगुण्यावर जिवाणूंचे दोन मोठे गट पडले.

आज प्रयोगशाळेत काचपट्टीवरील नमुना उष्णतेने स्थिर करून त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि मग आयोडीनचे द्रावण, प्रत्येकी सुमारे एक मिनिट, ठेवतात. या दोहोंचा मोठा संयुक्त कण पेशीत तयार होतो आणि या टप्प्यापर्यंत सगळेच जिवाणू जांभळे असतात. त्यानंतर काही सेकंद अल्कोहोल सोडतात. ज्यांच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकॅनचा (भित्तिकेला बळकटी देणाऱ्या जाळीदार पदार्थाचा) जाड थर असतो, त्यांतील पाणी अल्कोहोलमुळे कमी होऊन थर आक्रसतो आणि रंग आत अडकतो. हे ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा थर पातळ असतो, त्यांचे बाहेरचे मेदयुक्त आवरण विरघळते आणि रंग वाहून जातो. हे ग्रॅम निगेटिव्ह, जे शेवटी दिल्या जाणाऱ्या सॅफ्रानिन या तांबड्या रंगाने गुलाबी दिसतात. अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिले, किंवा जिवाणूंची वाढ जुनी असली, तर जांभळेही गुलाबी दिसू लागतात. सारी पद्धत या काही सेकंदांवर तोललेली आहे, असे म्हटले तरी चालेल.

भेद पेशीभित्तिकेचा असल्याने तो औषधयोजनेतही उपयोगी पडतो. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकॅनच्या बांधणीत अडथळा आणते, पण ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य आवरण त्याला बऱ्याचदा बाहेरच थोपवते. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला तर मुळात पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही.

क्षयाच्या जिवाणूची पेशीभित्तिका मायकोलिक आम्लामुळे मेणचट असते व ग्रॅमचे रंग तीत नीट शिरत नाहीत. म्हणून झील-नील्सन पद्धतीत बेडक्याच्या नमुन्यावर कार्बोल फुक्सिन ओतून काचपट्टीला वाफ येईपर्यंत उष्णता देतात. एकदा शिरलेला हा लाल रंग मग २० ते २५ टक्के सल्फ्युरिक आम्लानेही निघत नाही, आणि मिथिलीन ब्लूच्या निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. कुष्ठरोगाचा जिवाणू याच कुळातला असला तरी एवढे तीव्र आम्ल तो सोसत नाही. त्याच्यासाठी ५ टक्क्यांचे आम्ल वापरावे लागते.